मुलांनी चुकीचा निष्कर्ष काढला. आता मी सांगू की नको?

प्रश्न : अकरा-बारा वर्षांच्या मुलांना विज्ञान आणि गणित शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यांची नोकरी नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादाचं (मूल आपलं ज्ञान स्वतःच रचतं, या विचाराचं) प्रशिक्षण त्यांनी मनापासून घेतलं आणि तेव्हापासून वर्गात समजावून सांगणं जवळजवळ बंद केलं. बाकं हलवून गट केले, साहित्य जमवलं, ‘मी शिक्षक नाही, सुलभक (शिकायला फक्त मदत करणारी) आहे’ असं स्वतःला बजावत राहिल्या. मुलं खूश आहेत, पण गोंधळ फार होतो, गटातली एक-दोन मुलंच काम करतात आणि चाचणीचे गुण उतरले आहेत. गेल्या आठवड्यात ‘तरंगणे-बुडणे’ या पाठासाठी त्यांनी जोडतास दिला. सहा-सहा मुलांच्या गटांना पाण्याचा टब, दगड, खिळा, बोल्ट, झाडाचं पान, थर्माकोल, प्लास्टिकचं झाकण आणि पेन्सिल दिली. शेवटी सगळ्या गटांनी वहीत एकच वाक्य लिहिलं : ‘जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात.’ त्या लिहितात, “हे बरोबर नाही हे मला कळत होतं. पण मी सांगितलं असतं तर त्यांनी स्वतः शोधण्याला काय अर्थ राहिला असता? मी गप्प बसले, आणि त्या रात्री झोप लागली नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पोर्शन मागे पडलाय, आता पहिल्यासारखं शिकवा. मला जमत नाहीये, की ही पद्धतच खऱ्या वर्गासाठी नाही?”

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘मी गप्प बसले’ या शब्दांवर थांबले. गोंधळ, गुण, पोर्शन हे सगळं महत्त्वाचं आहे आणि त्याकडे मी येतेच, पण खरी गाठ त्या गप्प बसण्यात आहे असं मला वाटतं.

तुम्ही गप्प बसलात, कारण शिक्षकाने सांगितलं की मुलाची ज्ञानरचना थांबते, असं कुठेतरी मनात पक्कं झालंय. पण ज्ञानरचनावादात हे कुठून आलं? माणूस कसा शिकतो याबद्दलचं ते एक म्हणणं आहे. नवी गोष्ट कानावर पडो, डोळ्यांना दिसो की हाताला लागो, डोक्यात आधी जे आहे त्याच्याशी जोडूनच मूल तिचा अर्थ लावतं. हे खरं असेल तर ते फळ्याकडे बघत हाताची घडी घालून बसलेल्या मुलालाही तितकंच लागू आहे. तेही आतल्या आत काहीतरी रचतच असतं. तुम्ही बोललात तरी रचेल, नाही बोललात तरी रचेल. आपल्या हातात एवढंच आहे, की ते काय रचतंय याचा पत्ता लावायचा आणि त्या रचनेत योग्य वेळी हात घालायचा.

पत्ता लावला नाही तर काय होतं, याचं गणित शिक्षणातलं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. स्टॅन्ली एर्लवांगर यांनी १९७३ साली अमेरिकेतल्या एका बारा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. लेखात त्याचं नाव बेनी. तो ज्याच्या त्याच्या गतीने सोडवायच्या कागदांवरून गणित शिकत होता, भराभर पुढे जात होता आणि शिक्षकांच्या लेखी हुशार मुलांत मोडत होता. एर्लवांगर यांनी समोर बसवून विचारलं तेव्हा कळलं, की २/१० म्हणजे १.२ असं तो मानतो. दोन अधिक दहा बारा, मग मध्ये दशांशचिन्ह. त्याच हिशेबाने ५/१० म्हणजे १.५, आणि ४/११ व ११/४ दोन्ही १.५. इतके दिवस त्याच्याशी कुणी गणितावर बोललंच नव्हतं, फक्त उत्तरं तपासली होती. पोराने मात्र मन लावून आपलं स्वतःचं गणित उभं केलं होतं.

माझ्याही वर्गात असं घडलंय. दशांश अपूर्णांक चालू होते. ०.८ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती, असं विचारल्यावर एक मुलगी ठामपणे म्हणाली, “पस्तीस मोठे.” मी घाईत होते. तिला युक्ती सांगितली : दोन्हीकडे सारखे अंक कर, ०.८ च्या पुढे शून्य लाव, आता बघ, ०.८० आणि ०.३५. तिने पुढची दहाच्या दहा उदाहरणं बरोबर सोडवली. मी खूश. महिन्याभराने सहज विचारलं, ०.८ आणि ०.८० यांत मोठं काय? ती म्हणाली, “०.८०. कारण ऐंशी.” माझी युक्ती तिने घेतली होती, पण मूळ समजूत जागची हलली नव्हती. उलट तिला माझ्याच शून्याचा आधार मिळाला होता. मग मात्र कागदाची एक पट्टी घेतली, दहा भाग केले, आठ रंगवायला सांगितले. नंतर प्रत्येक भागाचे पुन्हा दहा. ती बारीक रेघा ओढत होती आणि मध्येच थांबली. म्हणाली, “बाई, आहे तेवढंच आहे की. नुसतं बारीक चिरलंय.” त्यावर मी एकच वाक्य सांगितलं, की त्या शून्याने तेवढीच गोष्ट दहापट बारीक भागांत मोजली. महिनाभरापूर्वी मी हेच वाक्य सांगितलं असतं तर ते वाऱ्यावर गेलं असतं. पट्टी रंगवल्यावर त्याला बसायला जागा मिळाली.

म्हणून सांगू की नको, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कधी सांगू आणि त्याआधी काय घडवून आणू, असं विचारून बघा. डॅनियल श्वार्ट्झ आणि जॉन ब्रान्सफर्ड यांनी १९९८ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेलं काम नेमकं यावर आहे. काही विद्यार्थ्यांनी आधी प्रयोगांची माहिती स्वतः ताडून पाहिली आणि मग व्याख्यान ऐकलं. काहींनी आधी त्याच विषयावरचा मजकूर वाचून सारांश लिहिला आणि मग तेच व्याख्यान ऐकलं. व्याख्यानाचा खरा उपयोग पहिल्यांना झाला. ज्यांनी नुसती माहिती पुन्हा पुन्हा ताडली पण व्याख्यान ऐकलं नाही, तेही मागे पडले. स्वतः झगडणं आणि नंतर कुणीतरी समजावून सांगणं, दोन्ही लागलं. शिक्षकाचं सांगणं मोलाचं आहे, ताई. त्याची वेळ साधावी लागते.

आता तुमच्या टबाकडे येते. तुम्हाला हे ऐकायला थोडं कठीण जाईल, पण मुलांनी चुकीचा निष्कर्ष काढला असं मला वाटत नाही. तुम्ही दिलेल्या वस्तूंतून जो निघायला हवा होता तोच त्यांनी काढला. दगड, खिळा, बोल्ट हातात घेतले की जड लागतात आणि बुडतात. पान, थर्माकोल, झाकण, पेन्सिल हलकी लागतात आणि तरंगतात. त्यांच्या नियमाला छेद देणारी एकही वस्तू टबात नव्हती. मुलांनी पुरावा पाहून बरोबर तर्क केला, म्हणजे त्यांना विज्ञान जमतंय. कमी पडली ती वस्तूंची निवड. त्यात तुमचा एकटीचा दोष नाही. ‘मुलं शोधतील’ एवढंच आपल्याला सांगितलं जातं, आणि ती काय शोधणार हे साहित्य निवडतानाच ठरून जातं, ही गोष्ट मागे राहते.

पुढच्या तासाला एक जाडजूड मेणबत्ती आणि एक छोटा खिळा घेऊन जा. टाचणी नको. ती आडवी अलगद ठेवली गेली तर पृष्ठताणामुळे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावरच्या ताणामुळे, पाण्यावर राहते आणि भलताच प्रश्न उभा राहतो. दोन्ही वस्तू दोन-तीन मुलांच्या हातात द्या, जड कोणती ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मग पाण्यात टाकण्याआधी प्रत्येकाने वहीत लिहायचं : काय होईल आणि का. शेजाऱ्याशी न बोलता. हे लिहून घेणं अजिबात गाळू नका. अंदाज लिहिला नसेल तर मेणबत्ती तरंगल्यावर निम्मा वर्ग म्हणतो, “मला माहीतच होतं.” लिहिलेला अंदाज चुकला की मूल थबकतं, आणि त्या थबकण्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

पण एका मेणबत्तीने नियम मोडेल अशी आशा ठेवू नका. मुलं म्हणतील, “मेण वेगळं असतं,” “मेणात तेल असतं म्हणून.” आपण मोठी माणसंही आपली जुनी समजूत अशीच वाचवतो. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नका. मेणबत्तीचा नखाएवढा तुकडा कापा आणि विचारा, आता? तोही तरंगेल. वजन इतकं बदललं, तरंगणं बदललं नाही. मग घट्ट झाकणाच्या तीन एकसारख्या छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या काढा. एक रिकामी, एक वाळूने गच्च भरलेली, एक काठोकाठ पाण्याने भरलेली. आकार तोच आणि बाटलीही तीच. रिकामी तरंगते, वाळूची बुडते. आता साधा तराजू घ्या आणि दोन्ही बाटल्या पाण्याच्या बाटलीशी ताडून पाहायला लावा. इथे वर्गाला एकच प्रश्न विचारा : “तुम्ही जड म्हणता, ते कशापेक्षा जड?”

हा प्रश्न विचारून झाला की थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अनेक वर्गांचं ध्वनिमुद्रण ऐकून दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं, की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मनात पाच आकडे मोजा. शांतता फार वाटते, पण पोरं तेव्हाच विचार करत असतात.

कुणीतरी “पाण्यापेक्षा” म्हणेल. कदाचित कुणीच म्हणणार नाही. दोन्ही वेळा आता तुम्ही सांगायचं, स्पष्ट, फळ्यावर लिहून, खणखणीत आवाजात : वस्तू नुसती जड की हलकी यावर तरंगणं ठरत नाही, तेवढ्याच आकारमानाच्या पाण्यापेक्षा ती जड की हलकी यावर ठरतं. ‘घनता’ हा शब्दही तुम्हीच द्यायचा. तो शब्द कुठल्याही टबात सापडत नाही.

क्लेचा गोळा बुडतो आणि त्याचीच वाटी तरंगते, हा सुंदर प्रयोग त्याच तासाला करण्याचा मोह होईल. तो पुढच्या तासासाठी ठेवा. आत्ताच कुठे जमू लागलेली कल्पना आकाराच्या प्रश्नाने विस्कटते, असा माझा अनुभव आहे.

आणि वर्गातली निम्मी मुलं तरीही अडखळली तर मनाला लावून घेऊ नका. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकारी बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांना नेमका हाच तरंगण्या-बुडण्याचा प्रयोग करायला दिला होता आणि त्यावर १९५५ साली लिहिलं. लहान मुलं एका वस्तूला ‘हलकी म्हणून तरंगते’ म्हणतात आणि दुसरीला ‘मोठी म्हणून तरंगते’. वस्तूचं वजन तेवढ्याच पाण्याच्या वजनाशी ताडून पाहणं त्यांना बरंच उशिरा, किशोरवयाच्या आसपास जमतं. तुमची मुलं त्या उंबरठ्यावर उभी आहेत. म्हणूनच त्यांना एकटं सोडून चालणार नाही.

पियाजे आणि सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की दोघांचाही जन्म १८९६ चा. पियाजेंनी मूल जगाशी झटताना काय रचतं ते पाहिलं. व्हायगॉट्स्कींनी जाणत्या माणसाच्या सोबतीने मूल एकट्यापेक्षा किती पुढे जातं ते पाहिलं. आपल्या प्रशिक्षणांत पहिली गोष्ट ठसते आणि दुसरी सुटते, असं मला वाटत आलंय. १९७६ साली वुड, ब्रुनर आणि रॉस यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला मदत करणाऱ्या शिक्षिकेचं काम बारकाईने पाहिलं आणि तिच्या मदतीला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. मूल अडलं की थोडा जास्त आधार, जमलं की लगेच हात काढून घ्यायचा. परांची भिंत उभी राहिल्यावर उतरवतात. भिंत उभी राहण्याआधीच ती काढली तर त्याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. गेली दोन वर्षं तुमच्या वर्गात बहुधा हेच होत असावं.

गुण का उतरले, याचं बरंचसं उत्तरही इथेच आहे. रिचर्ड मेयर यांनी २००४ साली जुन्या संशोधनाच्या तीन टप्प्यांचा आढावा घेतला : कोडी सोडवण्याचे नियम, पियाजेंच्या अक्षय्यतेच्या कल्पना (भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं, अशा) आणि संगणकाची लोगो ही भाषा. तिन्हींत मुलांना पूर्ण मोकळं सोडण्यापेक्षा मार्गदर्शनासह शोधू देणं सरस ठरलं. हात चालले म्हणजे डोकं चाललंच असं नसतं, हा त्यांचा मुद्दा मला फार पटतो. उलट, शांत बसून ऐकणाऱ्या मुलाचं डोकं जोरात चालू असू शकतं. तुमच्या वर्गात कोण किती हललं हे आता बघू नका. प्रत्येक पोराने आज कशाचा विचार केला, ते बघा.

शिवाय गटकार्याच्या नादात सराव सुटलाय का, तेही तपासा. समजलेलं टिकायला सराव लागतोच. माझी सोय अशी असते : एक उदाहरण फळ्यावर पूर्ण सोडवून दाखवायचं, प्रत्येक पायरीला ‘ही का?’ असं मुलांना विचारायचं, दुसरं अर्धं सोडवून द्यायचं, तिसरं त्यांचं त्यांनी. यात ज्ञानरचनावाद कुठेही मोडत नाही.

गटाबद्दल थोडक्यात. सहा मुलांचा गट एका टबाभोवती फार मोठा होतो. एक करतो, एक लिहितो, चार बघतात. तिघांचा किंवा चौघांचा गट करा. आधी एकट्याने, मग जोडीने, मग गटात, हा क्रम ठेवा. गटाकडून उत्तर कोण देणार हे तुम्ही आयत्या वेळी ठरवा, म्हणजे सगळ्यांना एकमेकांना समजावून द्यावंच लागतं. गोंधळ पूर्ण जाणार नाही, आणि कामाचा गोंधळ असेल तर जाऊही नये.

राहिला पोर्शन. मुख्याध्यापक चुकीचं बोलत आहेत असं मी म्हणणार नाही, त्यांनाही वरिष्ठांना उत्तरं द्यावी लागतात. पण सगळं सोडून पहिल्यासारखं शिकवायचं, किंवा प्रत्येक तासाला साहित्य मांडायचं, असे दोनच रस्ते तुमच्यासमोर आहेत हे मला मान्य नाही. सगळं काही शोधायचं नसतंच. पियाजेंनी ज्ञानाचे प्रकार वेगळे केले होते : वस्तू हाताळून कळणारं, विचाराने संबंध जोडून कळणारं आणि माणसांनी आपसात ठरवलेलं. दशांशचिन्ह कुठे लिहायचं, एककांची नावं काय, बेरजेची खूण कोणती, हे माणसांनी ठरवलेलं आहे. त्यावर गटचर्चा घेणं म्हणजे मुलांचा वेळ घालवणं. सरळ सांगा, दोनदा म्हणून घ्या, पुढे चला. तिथे वाचलेला वेळ अशा संकल्पनांना द्या जिथे मुलं हमखास वेगळीच समजूत घेऊन येतात : दशांश आणि अपूर्णांक, तरंगणं, विजेचा परिपथ, ऋतू का होतात, वनस्पतींचं अन्न. एका सत्रात अशा तीन-चारच निवडा. पाठटाचणात त्यांच्यासमोर ‘मुलं आधी काय मानत असतील?’ असा एक रकाना वाढवा. डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ साली म्हटलं होतं, की शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारी गोष्ट कोणती, तर शिकणाऱ्याला आधीच काय ठाऊक आहे ती. तो रकाना भरायचा तर पाठाच्या आदल्या दिवशी दोन प्रश्नांची चिठ्ठी पुरते. नावं न घालता लिहायला सांगा, मुलं मोकळेपणी लिहितात. मुख्याध्यापकांना पद्धतीचं नाव सांगत बसू नका. पाठाआधीच्या चिठ्ठ्या आणि पाठानंतर तीन आठवड्यांनी तेच प्रश्न विचारून घेतलेल्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून दाखवा. तोवर तीन-चार संकल्पनांपुरती मुभा मागा. एवढी मुभा देणं त्यांनाही जड जाणार नाही.

तुम्हाला जमत नाहीये का, असं विचारलंत. नऊ वर्षं शिकवून झाल्यावर मुलांच्या वहीतल्या एका वाक्यासाठी ज्यांची झोप उडते, त्यांच्याबद्दल मला काळजी नाही. तुम्ही स्वतःचा आवाज उगाच काढून ठेवलात, तो परत घ्या.

आणि ते वाक्य. मुलांच्या वहीतलं ‘जड वस्तू बुडतात, हलक्या तरंगतात’ खोडायला लावू नका, लाल रेघही नको. ते तसंच राहू दे. मेणबत्ती आणि बाटल्यांचा तास झाला की त्याच्याच खाली नवी तारीख घालून लिहायला सांगा : ‘आमच्या वाक्यात काय राहून गेलं होतं?’ एक शब्द राहिला होता, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येईल. ज्यांच्या येणार नाही, त्यांच्या वह्या घरी घेऊन जा आणि पुढच्या तासाची सुरुवात त्यांच्या वाक्यांपासून करा.